लेपाखालचें काम

श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहें, तो ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं येईल. मोटारगाडीच्या रंगावर संरक्षक लेप चढविण्यापूर्वीं तिचें अंग कसें धुऊन, घासून आणि घोटून तयार करतात, ह्या कामाचा इतिहास हा तो विषय. ज्यानें सारा जन्म मुलांकडून सनावळ्या पाठ करवून घेण्यांत घालविला, त्या शाळामास्तराचा आणि गॅरेजमधील रंगाऱ्याचा संबंध काय, असें कोणीहि विचारील. संबंध आहे, आणि तो थोडा लाजिरवाणाहि आहे. तो मी शेवटीं सांगेन. आधीं इतिहास पाहूं.

आमचें अकलूज नीरा नदीच्या कांठीं, उंसाच्या मुलखांत वसलेलें आहे. हंगामांत रस्त्यांवरून उंसानें लादलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रीघ लागते. खालून धूळ उडते, वरून साखर कारखान्याच्या धुराड्यांतील बारीक काजळी उतरते, आणि विहिरीच्या जड पाण्यानें गाडी धुतली तर तिच्या अंगावर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात. अशा गांवांत नवी गाडी घरीं आली, कीं मुलगा किंवा भाचा लगेच म्हणतो, "हिच्यावर सिरॅमिक कोटिंग करून घेऊं." दुकानदार त्यासाठीं दोन दिवस मागतो. घरच्या वडील माणसांस वाटतें, लेप लावण्यास दोन दिवस लागतात. वस्तुस्थिति निराळी आहे. लेप लावण्यास कांहीं तास पुरतात. उरलेला सारा वेळ लेपाच्या आधींच्या कामांत जातो. हें आधींचें काम कोणास दिसत नाहीं, त्याची जाहिरात होत नाहीं, आणि घाई झाली म्हणजे काट मारली जाते ती त्यालाच. परंतु लेपाचा सारा भरंवसा त्याच कामावर असतो.

ही गोष्ट मोटारीबरोबर परदेशांतून आली, असें मात्र समजूं नये. आपल्या सावंतवाडीस गंजिफा तयार होतात, हें आपणांस ठाऊक असेल. गंजिफा म्हणजे खेळावयाचीं गोल पानें. कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी ह्यांचे थर द्यावयाचे, ते वाळूं द्यावयाचे, आणि मग गुळगुळीत दगडानें तें अंग घोटावयाचें, अशी तेथील जुनी रीत. घोटून घोटून तें हस्तिदंतासारखें झालें, कीं मग त्यावर दशावताराचीं चित्रें काढावयाचीं, आणि सर्वांत शेवटीं लाखेचा हात द्यावयाचा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला मरणपंथास लागली असतां सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनीं तिला पुन्हा उभें केलें. ह्या कामांत लाखेचा हात हा संरक्षक लेप होय. दगडानें अंग घोटणें ही त्याची पूर्वतयारी होय. ज्याचें घोटणें कच्चें राहिलें, त्याच्या पानावरील लाखहि खडबडीत दिसावयाची. रंगाऱ्यांच्या धंद्यांत आज जो 'लॅकर' शब्द सर्वत्र चालतो, तोहि आपल्या लाखेवरूनच पोर्तुगीजांच्या द्वारें युरोपांत गेला.

आतां मोटारीकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार जन्मास आली, तेव्हां तिचा रंगारी मूळचा घोड्याच्या बग्गीचा रंगारी होता. त्याचें साहित्य म्हणजे जवसाचें तेल, राळेपासून केलेलें रोगण आणि रंगाची पूड. तो एक हात देई, तो वाळण्याची वाट पाही, मग ज्वालामुखींतून निघणाऱ्या सच्छिद्र दगडाची, म्हणजे प्युमिसची, पूड पाण्यांत कालवून नमद्याच्या तुकड्यानें सारें अंग घांशी, आणि मग पुढचा हात देई. असे कित्येक हात होत. तेलाचें रोगण सावकाश वाळतें. त्यामुळें एक गाडी रंगून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे लागत. कारखान्यांत गाडीचा सांगाडा लवकर तयार होई, आणि मग ती रंगाच्या कोठींत वाळत उभी राही. अमेरिकेंत हेन्री फोर्डच्या कारखान्यांत गाड्या झपाट्यानें निपजूं लागल्या, तेव्हां हा उशीर सोसण्यासारखा राहिला नाहीं. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्याची प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी केवळ काळ्या रंगांत मिळे. काळें रोगण स्वस्त व टिकाऊ असून भट्टींत भाजून पक्कें करतां येई, हें त्याचें एक कारण.

१९२३ च्या अखेरीस मोठें स्थित्यंतर झालें. ड्यू पाँ ह्या रासायनिक कंपनीनें जनरल मोटर्सच्या साहाय्यानें 'ड्यूको' नांवाचें नवें लॅकर तयार केलें, आणि १९२४ सालच्या 'ओकलंड' गाड्या त्या निळ्या रंगांत बाजारांत आल्या. हें लॅकर कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून काढीत. बंदुकीच्या दारूंतील कापसाचें तें सख्खें भावंड. तें फवाऱ्यानें उडवितां येई आणि आठवड्यांऐवजीं तासांत वाळे. जग म्हणालें, रंगाऱ्याचे कष्ट संपले. परंतु कष्ट संपले नाहींत. त्यांनीं फक्त जागा बदलली. ड्यूको वाळलें कीं निस्तेज दिसे. त्यास चकाकी आणावयाची तर बारीक घर्षक लेपानें तें घांसावें लागे. म्हणजे पूर्वीं प्रत्येक हाताच्या मधें घासणें होतें. आतां रंगाच्या शेवटीं पॉलिश आलें. आजच्या गॅरेजमधील 'रबिंग' ह्या शब्दामागें हीच परंपरा उभी आहे.

ह्या घासण्याच्या कामास एक काळी बाजू होती, आणि इतिहास सांगतांना ती वगळणें योग्य नव्हे. जुन्या रंगांत शिसें असे. कोरड्या काचकागदानें रंग घांसला कीं त्याची विषारी धूळ कारागिराच्या छातींत जाई. १९२१ सालीं अमेरिकेंतील थ्री-एम ह्या कंपनीनें पाण्यांत न विरघळणारा काचकागद विकावयास काढला. त्याची कल्पना फ्रान्सिस ओकी नांवाच्या शाईच्या कारखानदाराची. पाणी मारून घासल्यामुळें धूळ उडेनाशी झाली आणि अंगहि अधिक गुळगुळीत होऊं लागलें. आपल्याकडील रंगारी हा काचकागद 'पॉलिश पेपर' ह्या नांवानें ओळखतो. चारच वर्षांनीं, १९२५ सालीं, त्याच कंपनींतील रिचर्ड ड्र्यू ह्या तरुणानें दुरंगी गाड्या रंगविणाऱ्या कारागिरांची तारांबळ पाहून कडेला चिकटविण्याची कागदी पट्टी शोधून काढली. जेथें रंग लागूं नये तें झाकून ठेवणें, हाहि पूर्वतयारीचाच भाग. हे दोन्ही शोध रंगाचे नव्हत. रंगाच्या आधींच्या कामाचे आहेत. तरीहि रंगाच्या धंद्यास त्यांनीं किती पुढें नेलें, तें कोणत्याहि गॅरेजांत जाऊन पाहावें.

आपल्या प्रांतांत ही विद्या कशी रुजली? मुंबईंत लोअर परळ येथें १९२० सालीं गहागन कंपनीचा रंग-रोगणाचा कारखाना निघाला. त्याचेंच पुढें गुडलास वॉल आणि नंतर नेरोलॅक झालें. १९४२ सालीं मुंबईंतच एशियन पेंट्सचा जन्म झाला. आणि ह्या कथेंत आम्हां सोलापूर जिल्ह्यांतील लोकांस अभिमान वाटावा असें एक नांव येतें. शेठ वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरास झाला. आमच्याच नीरेच्या खोऱ्यांत, इंदापूर तालुक्यांत, त्यांनीं साखर कारखाना आणि वालचंदनगर वसविलें. त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून गाड्या बाहेर पडूं लागल्या. प्रथम डॉज व प्लिमथ, आणि पुढें फियाट. ह्या फियाटचीच १९७४ सालीं 'पद्मिनी' झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवर अर्धें शतक फिरली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

दुसरी शाळा म्हणजे आपली एस. टी. १९४८ च्या जूनच्या पहिल्या तारखेस पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, पहिली बस सुटली. तिचा रंग निळा आणि रुपेरी होता. पुढें दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथें महामंडळाच्या मोठ्या कार्यशाळा झाल्या. पत्र्याचे पोचे काढणें, गंज खरवडणें, अस्तराचा हात देणें, लांबी भरणें, ती घासणें आणि मग रंग देणें, हा क्रम बसच्या असो कीं खासगी गाडीच्या असो, सर्वच कामाचा. तालुक्याच्या गांवांतील बहुतेक जुन्या मिस्त्रींनीं ही विद्या पुस्तकांत वाचली नाहीं. ती एकानें दुसऱ्याच्या हाताखालीं बसून घेतली.

मूळ रंग जाड होता, तोंपर्यंत पॉलिश करणाऱ्यास मोकळीक होती. दर दिवाळीस गाडी घासा, वर मेण चोळा, काम भागे. ब्राझील देशांतील कार्नोबा ताडाच्या पानांवरील मेण त्यासाठीं जगभर नांवाजलेलें आहे. परंतु १९८० च्या दशकापासून गाड्यांचा रंग दोन थरांत देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. खालीं रंगाचा पातळ थर, आणि त्यावर रंगहीन पारदर्शक थर, ज्यास 'क्लिअर कोट' म्हणतात. चकाकी ह्या वरच्या थराची असते, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षणहि तोच करतो. आतां त्याची जाडी ऐका. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील एकास मायक्रॉन म्हणतात. कारखान्यांतून आलेल्या गाडीवरील अस्तर, रंग आणि क्लिअर कोट सर्व मिळून साधारणतः शंभर ते दीडशें मायक्रॉन भरतात. म्हणजे वहीच्या एक-दीड कागदाइतके. त्यांत क्लिअर कोट पस्तीस ते पन्नास मायक्रॉनांचा. वहीच्या अर्ध्या कागदाहून जाड नसलेल्या ह्या पापुद्र्यावर पॉलिशचें यंत्र फिरतें.

पॉलिश म्हणजे काय, हें ह्यावरून नीट ध्यानांत यावें. पॉलिश कांहीं देत नाहीं, तें घेतें. ओरखडा नाहींसा होतो तो भरून येऊन नव्हे. त्याच्या आजूबाजूची पातळी त्याच्या तळापर्यंत खालीं आणल्यामुळें तो नाहींसा होतो. म्हणून जाणता कारागीर आधीं मापकानें रंगाची जाडी पाहतो, कोपरे व कडा कागदी पट्टीनें झाकतो, कारण तेथें रंग सर्वांत पातळ असतो, आणि सौम्य औषधानें एका हातभर जागेवर प्रयोग करतो. तेवढ्यानें काम झालें तर तो कडक औषधास हात लावीत नाहीं. खोल ओरखडा तो तसाच राहूं देतो आणि मालकास तसें स्पष्ट सांगतो.

पॉलिशच्याहि आधीं धुणें येतें. नुसत्या पाण्या-साबणानें भागत नाहीं. ब्रेकमधून झिजून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगांत रुतून बसलेले असतात. त्यांवर एक औषध मारतात, तें कणांशीं भिडून जांभळें होऊन ओघळतें. मग मऊ चिकणमातीसारखा गोळा ओल्या अंगावरून फिरवितात. ही युक्ति जपानांतून आली. तो गोळा उरलेली घाण उचलून घेतो. तळहात फिरवून पाहिला तर आधीं कण्यांसारखें लागणारें अंग आतां कांचेसारखें लागतें. हें न करतां यंत्र फिरविलें, तर तेच कण यंत्राखालीं सांपडून शेकडों नवे ओरखडे पाडतात. मग गाडी प्रखर दिव्याखालीं आणतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात. ओरखडे वास्तविक सर्व दिशांना असतात. परंतु प्रकाश ज्यांना आडवा लागतो तेवढेच चमकतात, आणि म्हणून वर्तुळाचा भास होतो.

आणि आतां ह्या कामांतील सर्वांत प्रामाणिक पायरी येते. पॉलिशच्या औषधांत तेलें असतात. तीं बारीक ओरखड्यांत भरतात आणि अंग क्षणभर निर्दोष दिसूं लागतें. मालक समोर उभा असेल तर तो खूष होऊन पैसे देईल. परंतु चांगला कारागीर त्याच वेळीं मद्यार्काच्या पातळ द्रावणानें सारें अंग पुसून काढतो. तेल जातें, लपलेले ओरखडे पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहतात, आणि कारागीर पुन्हा कामास लागतो. आपल्याच कामाचा खोटेपणा आपण होऊन उघडा करावयाचा, आणि मगच लेपाची बाटली उघडावयाची. असें कां? कारण तेलकट अंगावर लेप धरत नाहीं. आणि दुसरें असें, कीं मायक्रॉन-दोन मायक्रॉनांचा तो कठीण, पारदर्शक लेप दोष झांकीत नाहीं. तो त्यांस कायम करतो. ओरखड्यावर लेप बसला, कीं तो ओरखडा लेपासह जपला जातो, आणि पुढें तो काढावयाचा तर आधीं लेप उतरवावा लागतो.

घाईनें किंवा चुकीच्या भरंवशानें दिलेला लेप किती महाग पडतो, ह्याचें एक थोर उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. गाड्यांचें नव्हे, अजिंठ्याचें. १८१९ सालीं जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं लेणीं पडलीं. १८४४ पासून रॉबर्ट गिल ह्यांनीं, आणि १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं, तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या काळांत रंग उठून दिसावे म्हणून काजळी व धूळ बसलेल्या चित्रांवर रोगण लावण्यांत आलें. पुढें १९२० ते १९२२ ह्या काळांत निजामाच्या सरकारनें लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी ह्या दोन इटालियन तज्ज्ञांस आणविलें. त्यांनीं सुटत चाललेला गिलावा भिंतीस पक्का केला, हें त्यांचें मोठें उपकाराचें काम. परंतु रक्षणासाठीं म्हणून त्यांनींहि चित्रांवर लाखेचें रोगण दिलें. वर्षें लोटलीं तशी ती लाख पिवळी, मग तपकिरी झाली, आणि काजळीच्या जोडीनें तिनें चित्रांवर पडदा ओढला. पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ कित्येक वर्षें तो पडदा बोटाबोटानें उतरवीत आले आहेत. हेतु सर्वांचा चांगला होता. परंतु वाकाटकांच्या काळच्या चितेऱ्यानें रंगाच्या आधीं गिलाव्यावर, भाताच्या तुसावर, चुन्याच्या पातळ थरावर जो वेळ घालविला, त्या वेळानेंच तीं चित्रें दीड हजार वर्षें धरून ठेवलीं. लेपानें त्यांस राखलें नाहीं.

आतां माझी गोष्ट. २००२ सालीं मीं एक जुनी पद्मिनी विकत घेतली. २००८ च्या उन्हाळ्यांत मुलीचें लग्न ठरलें, तेव्हां गाडी रंगवून घ्यावी असें मनांत आलें. गांवांतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं दारांच्या खालच्या कडा बोटांनीं चांचपल्या आणि म्हणाले, "गुरुजी, आठ दिवस द्या. आंत गंज आहे. पत्र्यापर्यंत खरवडावें लागेल." मीं म्हटलें, "मिस्त्री, मांडव तीन दिवसांवर आला आहे. वरून दोन हात मारा आणि चकाकी आणा." त्यांनीं एकवार माझ्याकडे पाहिलें आणि मान डोलावली. गाडी लग्नांत आरशासारखी झळकली. पहिलाच पावसाळा संपला, आणि दारांच्या कडांवर रंगाला फोड आले. मी चौकांत, शाळेंत, चार लोकांत सांगत सुटलों, कीं मिस्त्रींचें काम कच्चें. शिक्षकाच्या शब्दाला गांवांत वजन असतें, श्रोतेहो. माझ्या ऐकण्यांत आलें, कीं दोघां-तिघांनीं आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या.

वर्षानें मी पुन्हा त्यांच्याकडेच गेलों. त्यांनीं कांहीं न बोलतां एका फोडावर पात्याचें टोंक ठेवलें आणि रंगाचा पापुद्रा उचलला. खालीं तोच जुना गंज होता. मग शांतपणें म्हणाले, "गुरुजी, रंग माझा होता, घाई तुमची होती." त्या खेपेस मीं आठ दिवस दिले. त्यांनीं तें दार पत्र्यापर्यंत उघडें केलें, अस्तर दिलें, लांबी भरली, पाणी मारून तीन वेळां घासली, आणि मगच रंग दिला. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसत असें, आणि हें सारें तेथेंच शिकलों. पुढें ती गाडी विकली, तोंपर्यंत त्या दारास फोड आला नाहीं. मिस्त्री आतां ह्या जगांत नाहींत. मीं चौकांत जें बोललों होतों तें परत घेण्याचें मात्र राहून गेलें; आज तें चौकाहून मोठ्या ठिकाणीं परत घेतों.

म्हणून माझें सांगणें इतकेंच. उद्यां आपण गाडी घेऊन लेप लावावयास जाल, तेव्हां लेप किती वर्षें टिकेल हें अवश्य विचारा. परंतु त्याआधीं, लेपापूर्वीं काय काय करणार, आणि त्यास किती वेळ हवा, हें विचारा. जो कारागीर वेळ मागेल त्याला तो द्या, आणि तो जें तुमच्या डोळ्यांआड करणार आहे त्याचेहि पैसे आनंदानें द्या.